पळीबाईच्या तळहातावरचा गोल

पळीबाई स्वयंपाक करताना दर दोन मिनिटांनी चाखायची आणि चाखलेली पळी तशीच पातेल्यात परत घालायची. बाई घाणेरडी नव्हती. ओटा लख्ख, फरशी लख्ख, केसांवर घट्ट बांधलेला रुमाल, नखं मुळापासून कापलेली. फक्त ती लांब दांड्याची लाकडी पळी दिवसभर पातेल्यातून तोंडात आणि तोंडातून पातेल्यात फिरायची. हातात काम नसलं की ती पळी एप्रनच्या खिशात उभी असायची. तिचं खरं नाव हालिना. ते माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी पळीबाई म्हणायला लागले.

लीड्समध्ये माझा मुलगा राहतो त्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिची खानावळ होती. मी दोन हजार सहा साली तिकडे गेले तेव्हा पोलंडची माणसं नव्यानं आली होती, बांधकामांवर आणि गोदामांत कामाला. त्यांच्यासाठी हे दुकान. सहा टेबलं, त्यांवर फुलाफुलांची प्लास्टिकची कापडं, भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि तिच्या खाली काळी पाटी. पाटीवर खडूनं रोज चार पदार्थ लिहिलेले. पाचवा कुणी मागितला तर पळीबाई तोंडानं काही बोलायची नाही, पळीनं पाटी दाखवायची. थाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपली आपण घ्यायची आणि जेवून झालं की तिथंच परत ठेवायची. ती न ठेवता कुणी उठला तर पळी खिडकीच्या चौकटीवर ठक्‌ करून वाजायची. खांदे दारात मावत नाहीत असले गवंडी, पण शाळेतल्या पोरांसारखे मागे फिरायचे.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती जेवायला नाही. डिसेंबरातली सकाळ. मुलगा संजय आणि सून मेघना कामावर गेले होते. कचऱ्याची पिशवी बाहेरच्या डब्यात टाकायला म्हणून मी दोन पावलं बाहेर आले आणि मागं दार आपोआप बंद झालं. तिकडची दारं अशीच असतात. बाहेरून ढकलून उघडत नाहीत, आणि किल्ली आत टेबलावर. कराडला माझं दार सकाळपासून सताड उघडं असतं. आपलं दार आपल्यालाच बाहेर काढील हे डोक्यात येणार कसं? अंगात स्वेटर, पायात मोजे, मोज्यांवर चपला. थोडा वेळ पायरीवर बसले, मग पाय बधिर व्हायला लागले तशी उठले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर वाफ धरलेली दिसली तिथं गेले. दार उघडताच आंबट वास आला. आंबिलीचा. लीड्समध्ये आंबील कोण करतंय, म्हणून मी आत शिरले.

पळीबाईनं मला वरून खाली पाहिलं. नजर चपलांपाशी थांबली. "सिट," ती म्हणाली. मी बसले. तिनं पातेल्यात पळी घातली, फुरका मारला, मान हलवली, पळी परत पातेल्यात, आणि त्याच पळीनं वाडगा भरून माझ्यासमोर ठेवला.

मी वाडगा मागं सरकवला. "नो."

"गुड!" ती म्हणाली.

"नो गुड. माऊथ." मी तिच्या तोंडाकडं बोट दाखवलं, मग पळीकडं, मग पातेल्याकडं.

दोन टेबलांवरचे गवंडी जेवायचे थांबले. पळीबाईचे डोळे बारीक झाले. मला वाटलं, आता चपलांसकट बाहेर. तिनं काय केलं, खण उघडून दुसरी पळी काढली, नळाखाली धुतली, जादूगारासारखी मला दोन्ही बाजूंनी दाखवली आणि मागच्या शेगडीवरच्या न उघडलेल्या पातेल्यातून नवा वाडगा भरला. मी विचारलं, "पिग? काऊ?" ती म्हणाली, "फ्रायडे!" त्यांच्यातली जुनी माणसं शुक्रवारी मांस खात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोंबडी-मटण खाते, पण गाय आणि डुक्कर नाही. तिच्या पाटीवर आठवड्यातले सहा दिवस डुकराशिवाय पान हलत नसे. म्हणून शुक्रवार माझा.

ते सूप म्हणजे राईचं पीठ पाण्यात आंबवून केलेलं. झुरेक म्हणतात. त्यात बटाटा आणि उकडलेलं अर्धं अंडं. चव थेट आपल्या आंबिलीची, फक्त ताक नाही. मी वाडगा पुसून खाल्ला आणि खिडकीत नेऊन ठेवला. पळी वाजवायची वेळ आली नाही, हे तिनं बघून ठेवलं.

संध्याकाळी संजयनं येऊन दार उघडलं आणि घरी खटला उभा राहिला.

"आई, तू चपला घालून रोडवर गेलीस? मायनस टू होतं बाहेर," संजय म्हणाला.

"मग काय झालं? आहे की समोर."

"शेजारच्यांची बेल वाजवायची ना. माझा नंबर आहे त्यांच्याकडे."

"त्यांना काय सांगू? कोणत्या भाषेत?"

मेघनाला वेगळंच नवल. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, स्वच्छतेची कडक. "आई, तुम्ही तिथे खाल्लंत? माझ्या हातची इडली तुम्ही आधी वास घेऊन बघता!"

"तुझ्या इडलीला वास असतो म्हणून बघते," मी म्हणाले. ती हसली. सून चांगली आहे. इडली तिला येत नाही एवढंच.

त्यानंतर दर शुक्रवारी मी जायला लागले. साडेअकराला, गवंड्यांच्या आधी. पळीबाईला इंग्रजीचे शंभरेक शब्द येत होते आणि मला चाळीस. त्यांतले वीस दोघींचे सारखे. बाकी हात, भुवया आणि भांडी. तेव्हा इथं तिचं बोलणं म्हणून जे लिहिते आहे ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे. पण अर्थात फरक नाही, कारण आम्ही दोघी फार अवघड असं काही बोलतच नव्हतो. ती मला बाबचा म्हणायची. त्यांच्यात आजीला बाबचा म्हणतात असं कळल्यावर मी तिला बोटांवर मोजून दाखवलं की तू माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान आहेस. ती म्हणाली, "चार म्हणजे पुष्कळ," आणि बाबचाच म्हणत राहिली.

तिच्या टेबलांवर मीठ नसे. मिरपूड असे, कागदी रुमाल असत, मीठ नाही. एका नव्या पोरानं मागितलं, तर ती खिडकीतून बाहेर आली, त्याच्या वाडग्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "माझ्यात काय कमी आहे?" सुपात काय कमी आहे असं नाही, माझ्यात. पोरानं मुकाट्यानं वाडगा संपवला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं तीस वर्षं रोजचं चारशे माणसांचं जेवण केलं होतं. मीठ मागणारा तिच्या तोंडावर थुंकल्यासारखाच.

दुसरा नियम रडण्याचा. ती पोरं घरदार सोडून आलेली, एकेका खोलीत सहा-सहा राहणारी. कधी कुणी घरच्यासारखं सूप तोंडात गेलं की डोळे पुसायला लागे. पळीबाई लगेच ओरडायची, "जेवताना रडायचं नाही, सूप पातळ होतं!" सगळे हसायचे, रडणाराही. मीही एकदा हसले. ती म्हणाली, "बाबचाला दात आहेत!"

खानावळ तिच्या नावावर नव्हती. नवऱ्याच्या पुतण्याच्या, मारेकच्या नावावर होती. मारेक चाळिशीचा, गोरापान, सदा फोन कानाला. त्याची दुसरीही कामं होती आणि ही जागा मोबाईलच्या दुकानाला द्यावी असं त्याच्या मनात होतं. पळीबाईच्या हाताला चव होती, गर्दी होत होती, म्हणून तो थांबला होता. तसं त्यानं तोंडावर सांगितलंही होतं. खानावळ बंद झाली तर तिला पोलंडला बहिणीकडं जाऊन राहावं लागणार होतं. दुसरं घर नव्हतं. आणि बहिणीशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती. मी कारण विचारलं. "कपाट," ती म्हणाली. पुढचं तिच्या इंग्रजीत मावत नव्हतं आणि माझ्याही. पण ते "कपाट" तिनं ज्या तोंडानं सांगितलं त्यावरून मला कळलं की ही बाई तिकडं जाऊन जगायची नाही.

जानेवारीत ती तापानं पडली. दोन शुक्रवार दार बंद. तिसऱ्या शुक्रवारी उघडलं, मी गेले, वाडगा घेतला, पहिला घोट घेतला आणि थांबले. नुसतं मीठ. मागच्या टेबलावर दोन गवंडी एकमेकांकडं बघत पाव चघळत होते. दोघांनी अर्धे वाडगे खिडकीत ठेवले आणि मान खाली घालून गेले.

मी खिडकीशी गेले. "सॉल्ट. टू मच."

पळीबाईनं पळी बुडवली, फुरका मारला. "गुड."

"नो गुड."

"तुझी जीभ बिघडली!" ती ओरडली. मी वाडगा तसाच ठेवून घरी आले. माझी जीभ बिघडलेली नव्हती. रक्तदाबामुळं मी मीठ कमी खाते हे खरं, पण खारट आणि समुद्र यांतला फरक मला कळतो.

पुढच्या शुक्रवारी सूप अळणी. अगदी पाणी. ती मात्र चाखतेच आहे, मान हलवतेच आहे. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. तिच्या मागच्या शेगडीवर कांदा परतायला टाकलेला. तो लाल झाला, मग तपकिरी, मग कडा काळ्या. धूर निघाला. करपल्याचा वास दाराबाहेर गेला असेल, आणि ही बाई शेगडीकडं पाठ करून निवांत पाव कापत उभी. मी ओरडले, "अगं, करपलं!" मराठीतच ओरडले. तिनं वळून बघितलं, धूर दिसला तेव्हा कुठं धावली.

मी आत गेले. तोवर त्या खिडकीच्या आत कुणी गिऱ्हाईक गेलेलं नव्हतं. डब्यातलं मीठ एका बशीत घेतलं, साखर दुसऱ्या बशीत, आणि तिला म्हणाले, डोळे मीट. का कोण जाणे, तिनं मिटले. मी एक चिमूट तिच्या जिभेवर ठेवली, मग दुसरी.

"कुठली साखर?" मी विचारलं.

ती बराच वेळ जीभ फिरवत राहिली. मग स्टुलावर बसली. पळी मांडीवर. "पहिली," ती म्हणाली. पहिलं मीठ होतं.

मी सांगितलं. खोटं बोलायचं माझ्या जिवावर येतं. आणि तिलाही ते ऐकायचं नव्हतंच. कुणाला सांगू नको, एवढंच ती म्हणाली. "मारेकला नाही." मग गळ्यावरून बोट फिरवलं.

घरी मी मेघनाला विचारलं, नाव न सांगता. "होतं असं, आई. व्हायरल फ्लूनंतर स्मेल आणि टेस्ट दोन्ही जातं कधीकधी. काहींचं महिन्याभरात येतं, काहींना वर्ष लागतं, काहींचं येतच नाही. औषध तसं काही नाही." ते मी दुसऱ्या दिवशी पळीबाईला सांगितलं. शनिवार होता, तरी गेले. ती तोवर तोडगा काढून बसली होती.

"तू रोज ये. मी करते, तू चाख."

"तुझ्या पातेल्यात डुक्कर आहे," मी म्हणाले.

"एक थेंब!"

"अर्धाही नाही. आणि मेमध्ये माझा व्हिसा संपतो. पुढं काय, कराडहून चाखू?"

मग मी तिला सांगितलं. आमच्यात रोजचा स्वयंपाक आधी देवाला दाखवतात. देवानं खाण्याआधी कुणी चाखायचं नाही, करणारीनं तर नाहीच. मी पंधराव्या वर्षी लग्न होऊन आले आणि त्या दिवसापासून न चाखता करते आहे. सासूबाई मागं उभ्या असायच्या. हात तोंडाकडं गेला तर पाठीत बसायची.

पळीबाईला हे पटेना. "न चाखता? देव तक्रार करत नाही?"

"देव नाही करत. नवरा करायचा."

ती तापानंतर पहिल्यांदा हसली. खांदे हलले. म्हणाली, शिकव.

खानावळ दहाला उघडायची. आम्ही आठला सुरू करायचो. संजयला मी फिरायला जाते म्हणून सांगितलं होतं, आणि आईला फिरायला आवडायला लागलं म्हणून तो खूश होता. पहिलं काम, तिची पळी काढून घेतली. हातात पळी असली की ती तोंडात जायचीच. उलथणं दिलं. मग सांगितलं, पातेलं रोज तेच घे, पाणी रोज त्याच खुणेपर्यंत. कांद्याकडं कान दे. आधी चरचर मोठी असते, पाणी आटलं की बारीक होते, आणि आवाज गेला की उतरव. आंबवणाचा वास घेता येत नाही ना, मग बघ. पीठ खाली बसलं, वरचं पाणी निवळलं, बुडबुडे थांबले की झालं. थंडीत दिवस जास्त लागतील, घाई करू नको. सूप दाटलं की बुडबुडे आळशी होतात, फुटायला वेळ लावतात. सॉसेज घालशील तेव्हा मीठ कमी, त्याचं त्यात असतंच.

"आणि मीठ किती?" तिनं विचारलं.

"तळहाताच्या खळग्याइतकं."

तिनं खळगा भरून घातलं. शुक्रवार होता, मी चाखलं, तोंड वाकडं झालं. खारट ढोण. चूक माझी होती. तिचा तळहात म्हणजे परात, माझे दोन बसतील एवढा. मी आयुष्यभर माझ्या हातानं मोजत आले. हात माणसागणिक वेगळा असतो हे शिकवायला बसेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. मग मी तिचा तळहात टेबलावर पसरला आणि पाटीशेजारी लटकवलेल्या बॉलपेननं त्यात एक गोल काढला. निळा, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा. एवढंच. पुढच्या खेपेला चव बरोबर आली.

गोल रोज धुऊन जायचा, रोज सकाळी मी नवा काढायची. मिठाबरोबर थोडी शाई पोटात गेली असेल लोकांच्या. कुणी मेलं नाही. मारेकनं एकदा तो बघितला आणि विचारलं. पळीबाई शांतपणे म्हणाली, "सांधेदुखी. इंडियन मेथड." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गंभीरपणे मान हलवली. आठवडाभरानं तो मला म्हणाला, माझाही गुडघा दुखतो. मी त्याच्या गुडघ्यावर गोल काढून दिला. बरं वाटतंय म्हणाला.

खरी परीक्षा ईस्टरची होती. त्यांचा मोठा सण. चर्चमधून माणसं थेट तिच्याकडं यायची, पांढऱ्या सॉसेजचं सूप प्यायला. मारेकनं सांगून ठेवलं होतं, ईस्टर बघतो आणि मग जागेचं ठरवतो. मधल्या दिवसांत काही गिऱ्हाईकं तुटली होती, ते त्याच्या ध्यानात आलं होतं. आणि त्या सुपात डुक्कर. म्हणजे मी चाखू शकत नव्हते आणि ती चाखूनही उपयोग नव्हता. आख्खं पातेलं कुणाच्याही जिभेला न लागता गिऱ्हाईकासमोर जाणार होतं. मला काही वाटलं नाही, मी चाळीस-पन्नास वर्षं तेच करत आले. पळीबाईला मात्र मीठ घालवेना. तीन वेळा तिनं गोलात मीठ घेतलं आणि तीन वेळा डब्यात परत टाकलं.

"घाल," मी म्हणाले.

"जास्त झालं तर?"

"तर कपाट." मी बहिणीचं नाव घेतलं नाही, पण तिला कळलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं उलथणं मारते. पण मीठ घातलं.

मी माझे बटाट्याचे पिएरोगी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बटाटा आणि चीज. दुकान भरलं. पोरं, बायका, म्हातारे, सगळ्यांच्या अंगात इस्त्रीचे कपडे. मारेक माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. पळीबाईनं स्वतः त्याला वाडगा आणून दिला आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. पळी नव्हती, म्हणून हात कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं. मारेकनं एक चमचा खाल्ला. दुसरा. फोन वाजला तो त्यानं बंद केला. वाडगा संपला, पावानं पुसला. मग उठून खिडकीशी गेला, वाडगा पुढं केला आणि त्यांच्या भाषेत काही बोलला. पळीबाईनं वाडगा परत भरला. तो वळल्यावर मी भुवया उडवून विचारलं, काय म्हणाला?

तिनं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "मीठ जरा हात राखून आहे, पण सूप काकूचंच आहे. अजून वाढ." मोबाईलवाल्यांना त्यानं त्याच आठवड्यात नाही कळवलं.

मी मनात म्हटलं, मीठ हात राखून असणारच. गोल रक्तदाबवालीनं काढला होता.

मेमधला माझा शेवटचा शुक्रवार. तिची चव परत आली नव्हती. तिनं एकटीनं सगळं केलं, गोलही स्वतः काढला, जुन्या गोलाची पुसट खूण तळहातावर राहिलीच होती. माझ्यासमोर वाडगा ठेवला आणि समोर बसली. पळीबाई गिऱ्हाईकासमोर कधी बसत नसे.

मी खाल्लं. "बरोबर आहे."

"खरं?"

"मी तुला कधी बरं वाटावं म्हणून बोलले?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "कसं लागतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की तिला तिचं स्वतःचं सूप कसं लागतं ते विचारायचं आहे. चार महिने झाले होते. माझ्याजवळ चाळीस शब्द. मी म्हणाले, आंबट. पण लिंबासारखं नाही, हळू. आधी काही नाही, मग मागून येतं. मग लसूण. मग बटाटा, तो गप्प असतो. ती मान हलवत ऐकत होती, डोळे वाडग्यावर. मग नाक ओढलं. मी म्हणाले, "सूप पातळ होतं." ती पोलिश भाषेत काहीतरी सणसणीत बोलली. तेवढं मला न सांगता समजलं.

निघताना तिनं खणातली ती दुसरी पळी मला दिली, पहिल्या दिवशी नळाखाली धुतलेली. त्या पळीनं माझ्याशिवाय कुणाला वाढलेलं नव्हतं. पळी कराडला आली. आठवण म्हणून टांगून वगैरे ठेवलेली नाही. मोठ्या पातेल्याला बरी पडते, म्हणून वापरते.

पुढचं वर्षभर मला तिची काही बातमी नव्हती. पत्र कोण कुणाला आणि कोणत्या भाषेत लिहिणार? मीही विचारलं नाही. चव आली असेल तर आली असेल, नसेल तर ती करते आहे आणि लोक खाताहेत, असं मी धरून चालले होते. मग एका रविवारी संजयचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "आई, तुझ्या त्या पोलिश बाईनं काल मला रस्त्यात अडवलं. हात धरूनच उभी राहिली. तुला मेसेज आहे. मला काही झेपला नाही, पण तिनं तीनदा म्हणून घेतला माझ्याकडून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबचाला सांग, गोल लहान काढलास. मीठ कमी पडतं. बराच काळ कमी पडत होतं, आणि कुणी बोललं नाही. आणि हसत होती. आई, कसला गोल?"

आमटी उकळत होती. हातातली पळी मी खाली ठेवली. मीठ कमी पडतंय हे तिला सांगितलं कुणी? गिऱ्हाईक सांगायचं नाही, त्यांची छाती नव्हती. मारेकनं एकदा सांगितलं, ते तिनं तेव्हाच ऐकून सोडून दिलं होतं.

"आई? आहेस ना?"

"आहे. तिला जाऊन सांग, आजच सांग," मी म्हणाले. "म्हणावं, आता गोल पूस आणि खुशाल चाख. पण पळी धुऊन."